‘प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक’च्या पलीकडची आजी

वर्षश्राद्धाला वाटायला आजीची छोटी पुस्तिका काढायची पद्धत आता बऱ्याच घरांत आहे, आणि त्यातल्या निम्म्या पुस्तिका एकाच साच्यातल्या असतात. ‘आमची आजी प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीची होती. तिने काबाडकष्ट करून संसार केला. तिच्या हाताला चव होती.’ फोटो बदला, नाव बदला, शेजारच्या आजीला तोच मजकूर चालतो. खोटं त्यात काही नसतं. पण कष्ट म्हणजे पहाटेचं दळण की १९७२ च्या दुष्काळी कामावरची खडी, धार्मिक म्हणजे माळकरी की देवीची परडी घेतलेली, हे लिहिल्याशिवाय ती बाई कागदावर येत नाही.

माहिती कुठून काढायची, कशी तपासायची आणि कुठे हमखास फसगत होते, ते खाली आहे. डोळ्यांपुढे देशावरच्या, साधारण १९३० ते १९४५ या काळात जन्मलेल्या आज्या आहेत. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात शब्द आणि चालीरीती बदलतील. काम तेच राहील.

हातात अकरा महिने असतात. छपाई आणि तपासणीला शेवटचा दीड महिना राखून ठेवा. उरलेल्यातले पहिले दोन महिने फक्त माणसांना भेटा, कागदांना हात लावू नका. कागद तहसीलच्या कपाटात पडून राहतील. आजीच्या बरोबरीच्या बायका ऐंशी-नव्वदीच्या आहेत.

भेटायचा क्रम नेहमीपेक्षा उलटा धरा. मुलगे शेवटी. मुलांना आई आठवते ती तिशी-चाळिशीनंतरची, आणि तीही त्यांच्याकडे पाहणारी. आधी तिची धाकटी बहीण गाठा, मग जाऊ, मग नणंद, मग वारीतली सोबतीण, काकड्याला शेजारी बसणारी, खुरपणीला एका पातीवर असणारी. जाऊ आणि नणंद यांना एकत्र बसवू नका, एकमेकींसमोर दोघीही फार गोड बोलतात. ‘आजी कशी होती हो?’ असं विचारलंत तर ‘लई चांगली होती’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: वरात कशातून आली? घरात चुली किती होत्या, आणि तिची चूल वेगळी कधी झाली? पाणी कुठून आणायची, किती खेपा? पहिलं बाळंतपण कुठे झालं, सुईण कोण होती? चूल वेगळी झाल्याचं साल एकदा सापडलं की अर्ध्या संसाराची कालरेषा आपोआप लागते. कारण त्याच वर्षी भांडी वाटली गेलेली असतात, शेत वाटलेलं असतं आणि कोणीतरी कोणाशी बोलायचं बंद झालेलं असतं.

आता नाव. पाटावर बसवून, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव हे तिचं दुसरं नाव. पहिलं माहेरचं. पुस्तिकेत दोन्ही हवीत, कारण शाळेतली नोंद पहिल्या नावाने सापडते आणि सातबाऱ्यावरची दुसऱ्या. तिसरं, हाक मारायचं नाव असतंच: बाय, माई, आक्का, जिजी. जुन्या लग्नपत्रिका आणि पत्रं टाकून देऊ नका. नावाआधी ‘सौ.’ आहे की ‘गं. भा.’ यावरून आजोबा कधी गेले त्याची अलीकडची-पलीकडची हद्द मिळते. घरात ती उखाणे घालत असेल तर तेही उतरवून घ्या. उखाण्यात नवऱ्याचं नाव असतं, पण कित्येकदा गाव, देव आणि घरची परिस्थितीही असते.

जन्मतारीख हा सगळ्यात निसरडा भाग. आजी थोडीफार शाळेत गेली असेल तर जुन्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तिचं नाव मिळू शकतं. तिथे तारीख १ जून दिसली तर खरी समजू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल वयात बसवायचं म्हणून गुरुजी १ जून टाकायचे. महाराष्ट्रात त्या दिवशी अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो तो यामुळे. आधार कार्डावर १ जानेवारी असेल तर तीही तशीच. अशा वेळी पुस्तिकेत तारीख न देता ‘१९३६ च्या आसपास’ असं सरळ लिहावं. खोट्या तारखेपेक्षा खरा अंदाज बरा.

अंदाज बांधायला मोठ्या घटना धरा. गांधीजींचा खून झाला तेव्हा (३० जानेवारी १९४८) लग्न झालं होतं का? मराठवाड्यातली असेल तर रझाकारांच्या वेळी कुठे होती, हैदराबाद संस्थान विलीन झालं तेव्हा (सप्टेंबर १९४८) कडेवर कोण होतं? पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला. १९७२ चा दुष्काळ तर कोणीच विसरत नाही. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी म्हटलं की बायका आपणहून बोलायला लागतात. प्रश्न ‘किती साली?’ असा नको, ‘तेव्हा धाकटा चालत होता की रांगत होता?’ असा हवा. मुलाच्या वयावरून काढलेलं साल सहसा एक-दोन वर्षांपलीकडे चुकत नाही.

लग्नाच्या वेळचं वय कागदावर दिसलं तर त्याकडेही जरा तिरपं पाहा. सारडा कायद्याने १९३० पासून मुलीसाठी किमान वय १४ होतं, १९४९ मध्ये ते १५ झालं आणि १९७८ मध्ये १८. कागदावरचं वय बरोबर त्या आकड्यावर येऊन थांबलेलं असेल तर ते कायद्यापुरतं लिहिलेलं असू शकतं.

लग्नपत्रिकेवर किंवा तांब्याच्या हंड्यावर कोरलेलं साल बऱ्याचदा शके असतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १८७८ वैशाखातलं लग्न मे १९५६ मधलं, पण शके १८७८ माघातलं लग्न १९५७ मधलं. माघात लग्नं पुष्कळ होतात, त्यामुळे ही एका वर्षाची चूक सारखी दिसते. दुसरी चूक वद्य पक्षाची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. काशी-हरिद्वारच्या वहीत ‘श्रावण कृष्ण’ लिहिलं असेल तर तो आपला आषाढ वद्य. शुद्ध पक्षात हा घोळ नाही.

कागदांकडे वळताना एक गोष्ट आधीच मान्य करा: आजी स्वतःच्या नावाने फार थोड्या ठिकाणी सापडते. ती सापडते ती कोणाची तरी मुलगी, बायको, आई म्हणून. जन्माची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. तिथे बापाचं नाव असतं आणि मुलाच्या जागी बऱ्याचदा नुसतं ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आतच नोंद गेलेली असते. त्यामुळे शोध बापाच्या नावाने आणि माहेरच्या गावात करायचा. सासरच्या तालुक्यात खेपा घालून काही हाती लागत नाही. जुनी पानं मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस सोबत न्यायचा किंवा नक्कल काढून नंतर वाचून घ्यायची. पण वाचणाऱ्याला गावाचं आणि घराण्याचं नाव आधी सांगा, मोडीत विशेषनामं संदर्भाशिवाय फसवतात.

माहेरचा फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, मात्र हमखास काढा. आजीचे वडील वारल्यानंतरच्या वारस नोंदीत भावाबहिणींची नावं एका ओळीत मिळतात, तीही बहुतेक वेळा वयांसह. आणि त्यानंतर काही वर्षांनी दुसरा फेरफार असतो, बहिणींच्या हक्कसोडीचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीचं नाव वारसांत येऊ लागलं, आणि पाठोपाठ ते भावासाठी कमी करून द्यायची रीतही आली. त्या कागदाच्या तळाशी ‘नि. डा. हा. अं.’ अशी अक्षरं आणि शेजारी शाईचा ठसा दिसेल: निशाणी डाव्या हाताचा अंगठा. आजीच्या हातचा, तिच्या स्वतःच्या देहाचा असा हा कागदावरचा बहुधा एकमेव पुरावा. पुस्तिकेत तो फोटोसारखा छापावा असं माझं मत आहे. माहेरच्यांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून गट क्रमांक आणि क्षेत्र झाका, फक्त नाव आणि ठसा ठेवा. रेशनकार्डाचंही तसंच. जुन्या कार्डावर ती दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतरच्या कार्डावर कुटुंबप्रमुख. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी छापली की वेगळं काही लिहावं लागत नाही.

मुलांची संख्या विचारताना जपून. ‘आजीला पाच मुलं’ हा घरातला आकडा जगलेल्यांचा असतो. जाऊबाईंना एकटं गाठून ‘पाळण्यात किती घातली?’ असं विचारा. बाराव्या दिवशी बारसं झालेली, नाव ठेवलेली, पण पुढे गोवरात, हगवणीत गेलेली मुलं या प्रश्नाला बाहेर येतात. बारशाआधी गेलेली याही आकड्यात येत नाहीत, त्यासाठी ‘बाळंतपणं किती?’ हा वेगळा प्रश्न. ही नावं वंशावळीत घालावीत की नाही, हे तिच्या हयात मुलांनी ठरवावं. पण विचारून ठेवा. ती नावं माहीत असलेली बाई गावात एखादीच उरलेली असते.

आता देवाधर्माचं. ‘आजी वारकरी होती’ एवढ्यावर थांबू नका, कारण वारकरी असण्याच्या पायऱ्या आहेत. माळ घातली होती का, कोणत्या साली, कोणत्या महाराजांच्या हातून, कोणत्या फडाची, म्हणजे वारकऱ्यांच्या कोणत्या परंपरेची? आषाढीला पायी जायची, की कार्तिकीला एसटीने? का महिन्याची वारी होती, दर शुद्ध एकादशीला पंढरपूर? पायी जात असेल तर कोणत्या पालखीत, हे घरच्यांना सांगता येत नाही असं बऱ्याचदा होतं. अशा वेळी तिच्या बोलण्यातली मुक्कामाची गावं आठवा. दिवेघाट, जेजुरी, वाल्हे, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, फलटण आलं तर माउलींची पालखी. यवत, बारामती, इंदापूर, सराटी, अकलूज आलं तर तुकोबांची. वाखरी दोन्हींत येते, तिच्यावरून काही ठरत नाही.

पालखी कळली की दिंडी शोधा. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे. त्यामुळे नुसता क्रमांक पुरत नाही, ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ तेही हवं. दिंडीचालकाकडे भिशीची वही असते. वाटेतल्या जेवणाखाण्यासाठी प्रत्येक वारकरी जी रक्कम भरतो तिची ती नोंद. त्यात आजीचं नाव, गाव आणि साल मिळतं, आणि इथे ती स्वतःच्या नावाने असते, कोणाची बायको म्हणून नाही. वाऱ्यांची संख्या याच वहीवरून मोजा. घरचे ‘सलग चाळीस वर्षं’ म्हणतात त्यात बाळंतपणाची, सुतकाची, आजारपणाची वर्षं वजा केलेली नसतात. आणि २०२० व २०२१ या दोन साली करोनामुळे पायी वारी झालीच नाही, पादुका बसने गेल्या. त्या दोन वर्षांवरून ‘सलग’ची रेघ ओढलेली पुस्तिका पंढरपूरला गेलेल्या कोणाच्याही हाती पडली की चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

गावातल्या सप्ताहाच्या पत्रिकाही चाळा. काकडा, पारायण, अन्नदात्यांची नावं त्यात छापलेली असतात. अन्नदात्यांत नाव आजोबांचं किंवा मुलाचं असणार. पण पंगतीच्या दिवशी भाकरी थापायला कोण होतं हे मंडळातल्या बायका सांगतील. मोठ्या सप्ताहाला भाकरी गल्लीगल्लीतून गोळा करतात, प्रत्येक घराला ठरावीक आकडा लावून दिलेला असतो. तुमच्या घराला किती यायच्या तेवढं लिहा. ‘समाजकार्याची आवड होती’ हे वाक्य मग काढून टाकता येतं.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद असेल. तिथे आडनावापेक्षा मूळ गावावरून शोध लागतो, आणि मूळ गाव म्हणजे सध्याचं नाही, दोन-तीन पिढ्यांपूर्वीचं. नोंद आलेल्या पुरुषाच्या नावाने असते. सोबतच्या बायकांची नावं खाली असली तर असतात. जाताना मागची एक पिढीसुद्धा तोंडपाठ नसेल तर उपाध्ये पान उलटत बसतात आणि तुम्ही नुसते बघत बसता.

पण सगळ्यात आधी जे हरवतं ते व्रत नाही, कुळाचार. व्रतांची पोथी बाजारात मिळते, कुळाचार फक्त सासूकडून सुनेकडे येतो. श्रावणातल्या शुक्रवारचे पुरणाचे दिवे घ्या. जिवतीची पूजा झाली की मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळायचं, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. दिवे किती? एखाद्या घरात पाच, दुसऱ्यात मुलागणिक एक. परगावी असलेल्या मुलाचं काय? बऱ्याच घरी चारी दिशांना अक्षता टाकून ओवाळतात. दिवा विझल्यावर कोणी खायचा? हे प्रश्न आजी असताना कोणी विचारत नाही, कारण ती करत असते.

आणि कृतीतली मेख अशी. पोळीचं पुरण दिव्याला चालत नाही. डाळ आणि गूळ समान घेऊन शिजवलेलं पुरण पोळीला मऊ हवं असतं. दिव्यासाठी तेच पुरण पुन्हा कढईत मंद आचेवर, उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत आटवायचं. कोमट असतानाच तुपाच्या हाताने लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्याने खळगा करायचा. गार झाल्यावर वळला तर काठाला भेगा पडतात. फुलवात तुपात भिजवून आधीच थिजवून ठेवावी. पातळ तूप खळग्यात ओतलं की ते पुरणात मुरतं आणि दिवा पाचव्या मुलापर्यंत टिकत नाही. डाळ शिजवताना पाणी जास्त राहिलं असेल तर कितीही आटवा, गूळ कडक होतो पण दिवा खाली खचतो. म्हणून डाळ शिजल्यावर कट पूर्ण निथळून घ्यायचा; त्याची आमटी होतेच.

असं एक पान लिहून झालं की ‘हाताला चव होती’चा अर्थ वाचणाऱ्याला कळतो. त्यासाठी मापं लागतात, आणि आजीची मापं म्हणजे वेगळाच गुंता. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, सोळा पायल्या म्हणजे मण. ही भरून घ्यायची मापं, वजनाची नव्हेत. एकाच पायलीत ज्वारी, बाजरी आणि हरभऱ्याची डाळ यांचं वजन वेगवेगळं भरतं. गोंधळ वाढवायला ‘शेर’ हा वजनाचाही होता: ८० तोळे, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. ‘शेरभर गूळ’ हा वजनाचा, ‘शेरभर डाळ’ बहुधा मापाचा. तेव्हा तक्ते पाहत बसण्यापेक्षा तिचंच मापटं, तिचीच वाटी काढा. डाळीने एकदा सपाट आणि एकदा शिगोशीग भरा, दोन्ही वेळा काट्यावर तोला. दोन आकडे लिहा. मापटं लोहाराकडून किंवा बुरुडाकडून आलेलं असेल तर शेजारच्या घरातल्याशी ते जुळणार नाही, आणि जुळायची गरजही नाही. मसाल्याच्या यादीत ‘चार आण्याचं दगडफूल’ असं काही निघालं तर ते सोडून द्या. १९५७ च्या नव्या पैशांआधीचा तो भाव आहे की नंतरचा, यावर अख्खी दुपार जाते आणि दगडफूल किती घालायचं ते कळत नाहीच.

ओव्यांसाठी मात्र दुपार घालवावी. आजीच्या ओव्या आजी गेल्यावरही मिळतात, कारण जात्यावर दोघी बसायच्या. तिच्यासमोर बसणारी कोण होती ते शोधा. तिला ‘म्हणून दाखवा’ म्हटलंत तर दोन ओव्यांनंतर ती ‘आता न्हाई आठवत’ म्हणेल. जातं असेल तर ते झाडून-पुसून मांडा, सुपात पावशेर ज्वारी ठेवा आणि खुंट्याला हात लावू द्या. हात फिरला की शब्द येतात. ताकद नसेल तर दुसऱ्या कोणी ओढावं, तिचा हात नुसता खुंट्यावर असला तरी पुरे.

फोन घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. फरशीवर ठेवला तर जात्याची घरघर जमिनीतून चढते आणि ऐकू येते ती फक्त घरघर. तोंडापासून हातभर अंतर, पंखा बंद, फोन विमान मोडवर. सुरुवातीला तारीख, गाव, गाणारीचं नाव, माहेर आणि सासर मोठ्याने बोला. फाइलचं नाव बदलतं, आवाजातलं राहतं. जात्यासकट गाऊन झालं की त्याच ओव्या जातं थांबवून एकदा सांगायला लावा, उतरवून घेताना ही दुसरी प्रत कामाला येते. बहुतेक ओव्या दोन ओळींच्या असतात, पण गाताना पहिली ओळ फिरून फिरून येते आणि मधे ‘गं बाई’ पेरलेलं असतं. दोन्ही रूपं लिहा. ‘पानी’चं ‘पाणी’ आणि ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नका. अर्थ लावताना राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी, बया म्हणजे आई, हौशा म्हणजे नवरा, एवढं लक्षात ठेवा. शहरात वाढलेल्या नातवाने राघूची पोपट अशी तळटीप दिली की ओवीचं वाटोळं होतं. सासूवरच्या ओव्या छापण्याआधी गाणारीला विचारा. जात्यावर म्हटलेलं चारचौघांत म्हणायचं नसतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने पुण्यातून झालेल्या कामात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावासह प्रसिद्ध होत आल्या आहेत. आजीचं माहेर किंवा सासर त्यात आहे का, तेवढं पाहून घ्या.

लुगड्यांचं सांगायचं तर ती बहुतेक तेराव्याच्या आसपास वाटली जातात, म्हणून गोधडीसाठी दोन आधीच बाजूला काढायची. नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर, रुंदी चार फुटांच्या आसपास. साडेसहा फुटी गोधडीचे एका लुगड्यात चार तुकडे पडतात. पण काष्ट्याचा आणि बसायचा भाग विरलेला असतो, धडधाकट निघतात तीनच. सहा पदरी गोधडीला दोन लुगडी लागतात ती अशी. पदर वर, काठ बाहेरच्या बाजूला. नवं कापड अस्तराला लावायचा मोह टाळा: पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि सगळी गोधडी चुरगळते. लावायचंच असेल तर आधी दोनदा भिजवून वाळवा. नायलॉन किंवा टेरिकॉट मधे घातलं तर थर सरकतात. शिवण्याआधी वीत-वीत अंतरावर लांब टाके घालून सगळे पदर टाचून घ्यावे, नाहीतर कडेकडून आत शिवत येताना जादा कापड मधे ढकललं जातं आणि पोटात फुगा राहतो. तो नंतर निघत नाही, उसवूनच काढावा लागतो. धावदोरा सैल हवा. ताणून घातला तर प्रत्येक ओळीला चुण्या.

फोटोंबद्दल थोडंच. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, काचेवरूनच तिरप्या उजेडात टिपा. सुटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागच्या बाजूसकट, स्टुडिओचा शिक्का आणि साल तिथे असतं. नावं मागे पेनाने नको, मऊ पेन्सिलीने, कडेला. हातावरचं गोंदण कोणत्याच फोटोत दिसत नाही. तुळशीवृंदावन होतं की भावाचं नाव, ते मुलीला विचारून कागदावर काढून घ्या.

छपाईला ए-५ आकार सोयीचा. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. ३२ पानं म्हणजे ए-४ चे आठ कागद. वाचणारे सत्तरीचे असणार, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. त्या अक्षरात पानाला दोन-अडीचशे शब्द बसतात, म्हणजे फोटो धरून पाच हजार शब्दांत आवरायचं. डीटीपीवाला युनिकोडचा मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेतो तेव्हा ‘ऱ्या’ची वाट लागते. ‘वाऱ्या’चं ‘वार्या’ होतं, आणि या पुस्तिकेत वाऱ्या पानोपानी आहेत. ‘ॲ’ आणि ‘ऑ’सुद्धा एकेक शोधून तपासा. प्रूफ आजीच्या धाकट्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवा, नुसतं हातात देऊ नका.

प्रती ठरवताना घरटी एक धरा, वर माहेरच्या गावासाठी पंधरा-वीस. पहिल्या खेपेला पन्नासच छापा. शेवटची दोन पानं कोरी, आखलेली ठेवा आणि वाटायच्या टेबलावर चार-पाच पेन्सिली. पंगत उठेपर्यंत माहेरकडचं कोणीतरी येऊन सांगतंच, ‘पान सहावर चुकलंय, तिचं नाव ते नव्हतंच.’ ते तिथल्या तिथे, त्यांच्याच हाताने लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला त्या पानांवरून दुरुस्ती करून मग उरलेल्या छापायच्या.